स्वयंपाकिणीच्या पोराला शाळा नको, रेल्वे मात्र हवी : १८८१ नंतरचा रशिया

देवराई | शनिवार, रात्री ९.१०

१८८७ या एकाच वर्षातल्या तीन गोष्टींपासून सुरुवात करतो. (रशियातल्या घटनांच्या तारखा तिथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे दिल्या आहेत. त्या शतकात ते आपल्या इंग्रजी तारखेच्या १२ दिवस मागे चालायचं.)

जानेवारीत इवान व्हिश्नेग्राद्स्की अर्थमंत्रालयाचा कारभार हाती घेतो. पेशानं हा यंत्रशास्त्राचा प्राध्यापक. देशात कारखाने उभे राहायचे तर परदेशी पैसा हवा आणि परदेशी पैसा यायचा तर आधी आपला खजिना भरलेला दिसला पाहिजे, असं त्याचं गणित.

८ मे रोजी श्लिसेलबुर्गच्या किल्ल्यात अलेक्सांद्र उल्यानोव्हला फाशी होते. वय २१. पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकणारा, संशोधनाबद्दल सुवर्णपदक मिळवलेला मुलगा. गुन्हा, झार तिसऱ्या अलेक्झांडरला मारण्याचा कट. त्याच सुमारास त्याचा धाकटा भाऊ व्लादिमिर सिंबिर्स्कच्या शाळेत शेवटच्या परीक्षेचे पेपर देत होता. तोच पुढचा लेनिन. त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं आडनाव केरेन्स्की. त्यांच्या मुलाचं सरकार लेनिननं १९१७ मध्ये उलथवलं.

आणि १८ जूनला शिक्षणमंत्री देल्यानोव्हचं परिपत्रक निघतं. गाडीवान, नोकर, स्वयंपाकी, धोबिणी, किरकोळ दुकानदार असल्या लोकांची मुलं माध्यमिक शाळेत घेऊ नयेत, एखादं अलौकिक बुद्धीचं असेल तरच अपवाद करावा. रशियात हे 'स्वयंपाकिणीच्या मुलांचं परिपत्रक' म्हणूनच ओळखलं जातं. देल्यानोव्हच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं हे समजायला मला उल्यानोव्ह घराणं पुरेसं वाटतं. आजोबा अस्त्राखानचे शिंपी, भूदास म्हणून जन्मलेले. वडील शिकून शाळांचे निरीक्षक झाले आणि नोकरीच्या जोरावर वंशपरंपरागत सरदारकीपर्यंत पोचले. नातू झारसाठी बॉम्ब बनवणारा.

एकच सरकार, एकच वर्ष. एका हातानं गिरण्या आणि रेल्वे हव्या आहेत, दुसऱ्या हातानं ती चालवू शकणारी माणसं शाळेच्या दारातून परत पाठवायची आहेत.

आधी मी समजायचो की दरबारात दोन गट होते. एकीकडे पोबेदोनोस्त्सेव्हसारखे सनातनी. हा पवित्र सिनॉडचा, म्हणजे चर्चवरच्या सरकारी खात्याचा, प्रमुख. १ मार्च १८८१ ला क्रांतिकारकांनी दुसऱ्या अलेक्झांडरला बॉम्बनं मारलं, त्यानंतर दोनच महिन्यांत एकतंत्री सत्तेला धक्का लागणार नाही असा जाहीरनामा नव्या झारच्या सहीनं निघाला. तो यानंच लिहिलेला. दुसरीकडे अर्थखात्यातले आधुनिक विचारांचे मंत्री. आणि या दोघांची रस्सीखेच. पण पैसा कुठून येत होता ते पाहू लागलो तसं हे चित्र माझ्या हातातून निसटलं.

कर्ज येतं १८८८ पासून पॅरिसहून. कर्जाचं व्याज सोन्यात चुकवायचं. सोनं यायचं निर्यातीतून, आणि निर्यातीचा जवळपास निम्मा भाग धान्याचा. धान्य शेतकऱ्याच्या घरात. ते बाहेर कसं काढायचं? कर वसूल करायचा शरद ऋतूत, पीक हाती आल्या आल्या, भाव सगळ्यांत पडलेले असतात तेव्हा. मग शेतकरी विकणारच. 'आपण पोटाला कमी खाऊ, पण निर्यात करू' हे वाक्य व्हिश्नेग्राद्स्कीच्या नावावर सांगितलं जातं.

आता शेतकऱ्याची बाजू. १८६१ मध्ये भूदासपद गेलं, पण मिळालेल्या जमिनीचे पैसे सरकारनं जमीनदाराला दिले आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर ४९ वर्षांचे हप्ते बसवले. जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर नाही, गावाच्या नावावर. या गावसंस्थेला म्हणायचे 'मीर'. एकानं कर थकवला तर भरायचा सगळ्यांनी. शहरात कामाला जायचं तर गावाकडून परवाना हवा. आणि १८८९ मध्ये या सगळ्यावर 'झेम्स्की नाचाल्निक' बसवला गेला: स्थानिक सरदारांमधून नेमलेला अधिकारी, ज्याच्याकडे गावाचा कारभारही आणि न्यायनिवाडाही.

इतिहासाच्या पुस्तकांत हा अधिकारी 'प्रतिगामी पावलं' या प्रकरणात सापडतो आणि फ्रेंच कर्ज 'आर्थिक प्रगती' या प्रकरणात. माझं म्हणणं इतकंच की ती दोन्ही प्रकरणं एकत्र वाचायला हवीत. गावाच्या मानेवर असा माणूस बसल्याशिवाय पॅरिसचं व्याज वेळेवर गेलं नसतं. दडपशाही हे या आधुनिकीकरणाचं वसुलीखातं होतं.

१८९१ मध्ये व्होल्गाकाठचं पीक करपलं. सरकारची पहिली प्रतिक्रिया काय? वृत्तपत्रांनी 'दुष्काळ' हा शब्द छापू नये, 'नापिकी' म्हणावं. राय या धान्याची निर्यात बंद करायचा हुकूम उन्हाळ्यात निघाला, पण अंमल सुरू व्हायला काही आठवडे ठेवले, आणि तेवढ्यात व्यापाऱ्यांनी जमेल तेवढी राय सीमेपार काढली. गव्हाची निर्यात थांबायला नोव्हेंबर उजाडला. दुष्काळ आणि मागोमाग आलेला कॉलरा यांत सुमारे ४ लाख माणसं गेली. पुढच्या वर्षी व्हिश्नेग्राद्स्की पायउतार झाला आणि त्याच्या जागी सेर्गेई विट्टे आला, ज्यानं हेच यंत्र कितीतरी जास्त वेगानं चालवलं. १८९० च्या दशकात औद्योगिक उत्पादन वर्षाला साधारण ८ टक्क्यांनी वाढलं. कच्चं लोखंड दहा वर्षांत ९ लाख टनांवरून २९ लाख टनांवर. १९०० च्या आसपास बाकूच्या तेलविहिरींमुळे रशिया तेलात अमेरिकेच्याही पुढे होता.

आणि त्याच साम्राज्यात १८९७ च्या जनगणनेत साक्षर निघाले २१ टक्के.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः विट्टेबद्दल ज्यांनी वाचलंय त्यांनी लिहा.

-----

वाफेचं इंजिन | शनिवार, रात्री १०.०२

व्हिश्नेग्राद्स्की हे नाव वाचून दचकलो. आम्ही अभियांत्रिकीला कंट्रोल सिस्टिम शिकताना हे नाव यायचं. हा तोच! वाफेच्या इंजिनाचा वेग कायम राखायला गव्हर्नर लावतात, दोन फिरते गोळे असलेला. तो कधी स्थिर राहतो आणि कधी हेलकावे खात सुटतो याचं गणित त्यानं १८७६ मध्ये मांडलं. निष्कर्ष असा की गव्हर्नर जास्त नाजूक, जास्त चटकन हलणारा केला तर त्याला दाबणारं काहीतरी जोडावंच लागतं, घर्षण किंवा तेलातला दट्ट्या. तो नसेल तर सुधारणा करायला लावलेलं यंत्रच इंजिनाला झटके देतं.

हा माणूस मंत्री झाल्यावर देशाच्या वेगाबद्दल असाच विचार करत असेल का, कोण जाणे. पण वेग वाढवायचा आणि दाब कमी होऊ द्यायचा नाही हे त्या सरकारचं धोरण पाहताना मला तो दट्ट्या आठवत राहिला. फरक एवढाच की दट्ट्याला भूक लागत नाही.

-----

शेवंती | शनिवार, रात्री १०.४०

धागा आवडला, वाचनखूण साठवली.

दुष्काळाबद्दल एक भर. 'नापिकी' म्हणा असं सांगणाऱ्या सरकारलाच नोव्हेंबर १८९१ मध्ये लोकांना मदतीला या म्हणून आवाहन करावं लागलं. झेम्स्त्वो, म्हणजे जिल्ह्याच्या निवडून आलेल्या मंडळांचे पंख १८९० मध्येच कापले होते, आणि वर्षभरात त्यांचेच डॉक्टर, शिक्षक, संख्याशास्त्री लागले. टॉलस्टॉयनं र्‍याझान प्रांतात अन्नछत्रं उघडली. चेखव्ह मेलिखोव्होला कॉलऱ्याच्या साथीत फुकट डॉक्टरकी करत होता. आणि न्यायानं हेही सांगायला हवं की सरकारी मदतही छोटी नव्हती, ऐन काळात एक कोटीहून जास्त माणसांना धान्य पोचत होतं.

पण मला वाटतं खरा बदल इथं झाला. शहरातला सुशिक्षित माणूस खेड्यात जाऊन राहिला, आणि परत आला तो सरकारवरचा विश्वास गमावूनच.

-----

इतिहासवेडा | रविवार, सकाळी ८.१५

देवराई, लेखन सुरेख आहे, पण तुमची मांडणी मला फार घट्ट वाटते. दोन आक्षेप.

एक, निकोलाय बुंगे कुठे गेला? १८८१ ते १८८६ हाच अर्थमंत्री होता, म्हणजे दडपशाहीच्या ऐन सुरुवातीला. त्यानं डोईपट्टी रद्द करायला घेतली, जमिनीचे हप्ते कमी केले, शेतकऱ्यांना जमीन घ्यायला कर्ज देणारी बँक काढली, १८८२ मध्ये कारखान्यांतल्या बालकामगारांवर कायदा आणि कारखाना निरीक्षक आणले. झार तोच, पोबेदोनोस्त्सेव्ह तोच, आणि धोरण शेतकऱ्याच्या बाजूचं. म्हणजे आधुनिकीकरण आणि पिळवणूक यांची गाठ देवानं बांधलेली नव्हती.

दोन, शेतकरी दरवर्षी जास्त जास्त गरीब होत गेला हे चित्र आता अभ्यासक तसंच्या तसं मानत नाहीत. हप्ते थकत होते हे खरं, पण त्याच वर्षांत साखर, रॉकेल, काड्यापेटी, व्होडका यांवरच्या अबकारीचं उत्पन्न वाढत होतं. उपाशी माणूस साखर आणि रॉकेल घेत नाही. हप्ते भरता येत नव्हते म्हणून थकले, की भरायचे नव्हते म्हणून थकवले, हा प्रश्न विचारायला हवा.

-----

देवराई | रविवार, सकाळी ११.३०

इतिहासवेडा, दुसरा आक्षेप बराचसा मान्य. मी सगळ्या रशियाला एकाच पट्टीनं मोजलं ते चुकलं. दक्षिणेचा नवा गव्हाचा पट्टा, सायबेरिया, शहरांजवळची गावं सावरत होती. मध्य भागातली काळ्या मातीची जुनी गावं मात्र गच्च भरलेली: माणसं वाढली, जमीन तेवढीच. मीर जमिनीचं फेरवाटप करत राहायची, तुकडे बारीक होत जायचे. १८९१ चा घाव तिथंच बसला आणि १९०५ च्या क्रांतीत जमीनदारांचे वाडे जळाले ते मुख्यतः याच पट्ट्यात. सरासरीत हे दिसत नाही.

बुंगेबद्दल मात्र उलटं वाटतं. त्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो हुशार होता, भला होता आणि टिकला नाही. अंदाजपत्रकात तूट येत होती, कात्कोव्हसारख्या संपादकांनी त्याच्यावर रान उठवलं आणि त्याला जावं लागलं. शेतकऱ्याला सवलत, सैन्याचा खर्च, रेल्वे आणि एकतंत्री सत्ता हे सगळं एकदम परवडत नव्हतं. यातलं एक सोडायचं ठरलं आणि सोडलं कोणाला ते आपल्याला माहीत आहे.

आता विट्टे. तो उदारमतवादी होता असा समज आहे, कारण नागरी हक्क आणि निवडून आलेली संसद देऊ करणारा १९०५ चा ऑक्टोबर जाहीरनामा त्याच्या हातचा. पण १८९९ मध्ये यानंच झारला लांबलचक टिपण दिलं की झेम्स्त्वोसारख्या निवडून आलेल्या संस्था आणि एकतंत्री सत्ता एकत्र नांदू शकत नाहीत. त्याला ती एकतंत्री सत्ता हवी होती, कारण संसद असती तर असले कर आणि अशी जकात मंजूर झाली नसती. त्याच वर्षी दुसऱ्या टिपणात तो झारला सांगतो की पश्चिम युरोपशी रशियाचं नातं वसाहतीचं मालक देशाशी असतं तसं आहे, फक्त रशियाच्या हाती स्वतःची सत्ता आहे, आणि ती वापरून यातून बाहेर पडायचं. हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो. दादाभाई नौरोजी ज्या दशकांत इंग्रजांना हिंदुस्थानच्या लुटीचा हिशेब दाखवत होते त्याच दशकांत झारचा अर्थमंत्री स्वतःच्या देशाला वसाहतीच्या रांगेत बसवतोय.

-----

निळावंती | रविवार, दुपारी ४.०५

शेतकऱ्यावर चर्चा झाली, गिरणीत गेलेल्यांवरही व्हायला हवी. माझं माहेर गिरणगावातलं, त्यामुळे मोरोझोव्हच्या संपाबद्दल वाचलं तेव्हा तो मला परका वाटलाच नाही.

जानेवारी १८८५, ओरेखोवो-झुयेवोजवळची मोरोझोव्ह घराण्याची कापड गिरणी. दोन वर्षांत पाच वेळा मजुरी कापलेली. वर दंड: उशीर झाला दंड, कापडात खोट निघाली दंड, आणि ते पैसे मालकाच्या खिशात. दंडातच पगाराचा चौथा हिस्सा जायचा. हजारो विणकर उठले. सैन्य आलं, शेकडो लोकांना गाव सोडायला लावलं.

पुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. १८८६ मध्ये व्लादिमिर शहरात म्होरक्यांवर खटला चालला, ज्यूरीपुढे. ही ज्यूरी १८६४ च्या न्यायसुधारणेतून आलेली, सरकारला ती कधीपासून खुपत होती. दंडाच्या वह्या कोर्टात वाचल्या गेल्या. ज्यूरीला आरोपांचे १०१ प्रश्न विचारले आणि १०१ वेळा उत्तर आलं, दोषी नाही. वर ज्याचं नाव आलं तोच कात्कोव्ह चिडून लिहितो की रशियात कामगार प्रश्न अवतरल्याच्या स्वागताला १०१ तोफांची सलामी झाली. जूनमध्ये दंडाला मर्यादा घालणारा कायदा करावाच लागला.

म्हणून देवराईंच्या म्हणण्यात मी एक जोडेन. वसुलीखातं होतं हे खरं, पण त्याला सगळी दारं बंद करता आली नाहीत. आधीच्या झारनं उघडून ठेवलेलं एखादं दार राहिलंच आणि त्यातून विणकर आत शिरले.

-----

सातपुडा | रविवार, रात्री ९.२०

आपल्या बाजूचे दोन धागे.

पुढे झार झालेला निकोलस युवराज असताना पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला होता आणि डिसेंबर १८९० मध्ये मुंबईत उतरला. पुढे जपानमध्ये ओत्सुला एका पोलिसानं त्याच्यावर तलवार चालवली, तो वाचला, आणि मे १८९१ मध्ये व्लादिवोस्तोकला पोचून त्यानं सायबेरियन रेल्वेच्या कामाचा मुहूर्त केला. व्होल्गाकाठी पीक करपत होतं तोच हा उन्हाळा. ती लाईन एकेरी, रूळ हलके, बैकल सरोवर बोटीनं ओलांडायचं. १९०४ मध्ये जपानशी युद्ध पेटलं तेव्हा हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरावर रूळ टाकून डबे पलीकडे न्यावे लागले.

दुसरा धागा रॉकेलचा. बाकूचं तेल बाटुम बंदरातून सुएझमार्गे आशियात यायचं, हिंदुस्थानातही. आपल्या पणज्यांच्या चिमणीत काही वर्षं तरी झारच्या राज्यातलं तेल जळलं असणार.

त्यातच देवराईंच्या मुद्द्याला पूरक गोष्ट. बाकूच्या तेलात पॅरिसच्या रॉथशिल्डांचा मोठा पैसा होता. आणि १८९१ मध्ये सरकार मॉस्कोतून ज्यूंना हजारोंनी हाकलत होतं. त्या वसंतात रॉथशिल्डांनी ठरत आलेल्या रशियन कर्जातून अंग काढून घेतलं, आणि कारण म्हणून ज्यूंना मिळणारी वागणूकच सांगितली गेली. इथं तरी दडपशाही वसुलीच्या उपयोगी पडली नाही, उलट तिनं कर्जच घालवलं. याला तुमच्या मांडणीत जागा कुठे?

-----

देवराई | सोमवार, सकाळी ७.५०

सातपुडा, खरं सांगायचं तर जागा नाही. ज्यूंवरच्या निर्बंधांत कसलाही हिशेब सापडत नाही. १८८७ मध्येच शाळा-विद्यापीठांत त्यांच्या संख्येवर टक्केवारीची मर्यादा आली: त्यांना राहायला नेमून दिलेल्या पट्ट्यात १०, बाहेर ५, पीटर्सबर्ग आणि मॉस्को या दोन्ही राजधान्यांत ३. यात सरकारचा काही फायदा नव्हता, होता तो निव्वळ द्वेष आणि भीती. विट्टेची दुसरी बायको जन्मानं ज्यू, म्हणून साम्राज्याच्या अर्थमंत्र्याच्या पत्नीला दरबारात जागा नव्हती. माझं वसुलीखात्याचं म्हणणं शेतकऱ्यापुरतं खरं मानतो, सगळ्या दडपशाहीला ते लागू होत नाही.

-----

पाटबंधारे | सोमवार, दुपारी १.१५

१९०६ मध्ये पंतप्रधान झालेल्या स्तोलीपिनबद्दल कुणीच काही लिहिलं नाही? १९०६ चा त्याचा हुकूम तर मीरच मोडायला निघाला होता, शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर जमीन. आणि तोच माणूस लष्करी न्यायालयांतून आठ महिन्यांत हजारावर लोकांना फासावर चढवतो. पहिलं महायुद्ध झालं नसतं तर त्याचा मार्ग यशस्वी झाला असता का?

अजून एक, ज्या परिपत्रकानं धागा सुरू झाला ते पाळलं गेलं का? रेल्वेला इंजिनियर आले कुठून?

-----

देवराई | सोमवार, रात्री ८.३५

स्तोलीपिनवर वेगळा धागा काढावा लागेल. त्याला स्वतःला वीस वर्षांची शांतता हवी होती. पाच मिळाली, १९११ मध्ये कीव्हच्या नाट्यगृहात त्याला गोळी लागली. माझं मत, मीरमधून बाहेर पडलेल्या शेतकऱ्याबद्दल गावात इतका राग होता की वीस वर्षंही पुरली नसती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जास्त मोलाचं वाटतं. परिपत्रकानं दार अरुंद झालं, बंद झालं नाही. विट्टेनं वाट काढली ती अशी: व्यापारी शाळा आणि नवी पॉलिटेक्निकं शिक्षणखात्याकडे दिलीच नाहीत, अर्थखात्याखाली काढली. कीव्ह आणि वॉर्सा १८९८, पीटर्सबर्गचं १९०२ मध्ये सुरू झालं. म्हणजे एकाच सरकारात एक खातं मुलांना अडवतंय आणि दुसरं बाजूच्या दारानं आत घेतंय.

मेंडेलीव्ह, आवर्त सारणीवाला, या दोन्ही खात्यांच्या मधोमध सापडला होता. सायबेरियात तोबोल्स्कला जन्मलेलं, भरल्या घरातलं शेंडेफळ. आईनं काचेचा कारखाना चालवला, तो जळून गेल्यावर या मुलाला शिकवायला म्हणून हजारो मैल प्रवास करून पीटर्सबर्ग गाठलं. १८९० मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठात सुधारणा मागणारा अर्ज लिहिला. पोरांनी दंगा थांबवावा म्हणून मेंडेलीव्ह स्वतः तो घेऊन शिक्षणमंत्र्याकडे गेला. मंत्री तोच, देल्यानोव्ह. त्यानं अर्ज जसाच्या तसा परत पाठवला, असले कागद स्वीकारता येत नाहीत म्हणून. मेंडेलीव्हनं राजीनामा दिला, शिकवणं संपलं.

त्या वेळी तो अर्थखात्यासाठी १८९१ च्या जकातीचे तक्ते तयार करत होता. ते काम त्यानं पुरं केलं. १८९३ पासून तो विट्टेच्या खात्यात वजनमापं तपासण्याच्या संस्थेचा प्रमुख होता, १९०७ मध्ये वारला तोपर्यंत.